चरा कुणाकडून काढून घ्यावा?

आमच्या शाळेतील एका सरांनी गेल्या वर्षी जुनी मोटारगाडी विकत घेतली. गाडी चांगली राखलेली, रंग गडद निळा. विकणाऱ्याच्या पार्किंगमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात ती आरशासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात पाहतात तो काय, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक चरे! शिवाय दारावर कुणीतरी किल्ली ओढल्यासारखा एक लांब ओरखडा.

सर तीन ठिकाणी चौकशी करून आले. पहिला कारागीर म्हणाला, "सर, पॉलिश मारून देतो, अर्ध्या तासात गाडी नवी." दुसरा म्हणाला, "मशिनवर घोटाई करावी लागेल, गाडी दोन दिवस ठेवा." तिसऱ्याने सांगितले, "एवढा खटाटोप कशाला? बॉनेट आणि दार नव्यानेच रंगवून टाकू." दर अर्थातच चढत्या क्रमाने होते. तुम्हीआम्ही जे केले असते तेच सरांनी केले, पहिला निवडला. गाडी चकाकली. तीन-चार वेळा धुतल्यावर चरे जिथल्या तिथे हजर! सर पुन्हा तिथेच गेले. या वेळी त्या कारागिराने जोर लावून फिरते यंत्र चालवले. चरे गेले, पण बॉनेटच्या कडेला बोटभर लांबीचा एक निस्तेज, पांढुरका पट्टा उमटला. तो काही केल्या जाईना. अखेर बॉनेट रंगवावेच लागले, म्हणजे तिन्ही दर मोजून झाले.

सरांची फसवणूक झाली का? तसे म्हणता येणार नाही. तिन्ही कारागीर आपापल्या परीने खरे बोलत होते. पण चरा किती खोल आहे आणि त्याच्याखाली किती रंग शिल्लक आहे, हे दोन प्रश्न कुणीच विचारले नव्हते. ते विचारायचे कसे, हे समजण्यासाठी थोडे विज्ञान पाहावे लागेल. त्यातले बरेचसे वर्गातही करून पाहता येईल.

रंग नव्हे, थरांची चळत

गाडीचा रंग म्हणजे पत्र्यावर फासलेला एकच लेप नसतो. कारखान्यात आधी पत्रा स्वच्छ करून त्यावर फॉस्फेटचा अतिशय पातळ थर चढवतात. त्यामुळे पुढचे थर पत्र्याला घट्ट धरून राहतात. मग गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून विद्युतप्रवाह सोडतात. विद्युत-विलेपनासारखीच ही क्रिया आहे. तिच्यामुळे कानाकोपऱ्यातही गंजरोधक थर बसतो. त्यावर अस्तराचा थर, म्हणजे प्रायमर. त्यावर प्रत्यक्ष रंगद्रव्याचा थर. आणि सर्वांत वर बिनरंगी, पारदर्शक थर, ज्याला कारागीर नुसते 'क्लिअर' म्हणतात.

या सगळ्यांची मिळून जाडी किती असेल? साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या वहीचा किंवा झेरॉक्सचा एक कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सगळा रंग एक-दीड कागदाइतकाच! त्यातला वरचा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या कागदाएवढाही क्वचितच. चकाकी येते ती या थराच्या सपाटपणामुळे. ऊन-पावसापासून खालच्या रंगाचे रक्षणही हाच थर करतो, कारण त्यात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. थर जितका पातळ होईल, तितके हे संरक्षण कमी होते.

आपण ज्यांना 'बारीक चरे' म्हणतो ते बहुधा या पारदर्शक थराच्या वरच्या काही मायक्रॉनांतच असतात. ते पडतात कसे? रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ, फेल्डस्पार अशा खनिजांचे कण असतात. मोजच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक ७, फेल्डस्पारचा ६. लोखंडी खिळ्यावरही चरा पाडू शकणारे हे कण, त्यांच्यापुढे प्लॅस्टिकसारख्या पारदर्शक थराचा काय टिकाव लागणार? सोसायटीत रोज पहाटे एका बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. तेव्हा त्या फडक्याचा नकळत पॉलिश पेपर झालेला असतो. बहुतेक चरे अशा पुसण्यातूनच पडतात.

ताटातले कोळ्याचे जाळे

आता एक प्रयोग. घरातले रोज घासले जाणारे स्टीलचे ताट किंवा झाकण घ्या. खोलीत अंधार करून त्यावर एकाच टॉर्चचा प्रकाश पाडा. टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांची वर्तुळे दिसतील. विद्यार्थी लगेच म्हणतील, "ताट गोल गोल घासले जाते म्हणून." मग टॉर्च हळूच बाजूला न्या. वर्तुळांचे केंद्र टॉर्चबरोबर सरकते! चरे खरोखर वर्तुळाकार असते, तर केंद्र जागचे हलले नसते.

उलगडा असा. चरा म्हणजे एक अरुंद खाच. तिच्यावर पडलेला प्रकाश तिच्या लांबीच्या काटकोनात, पंख्यासारखा पसरतो. लांबीच्या दिशेने तो पसरत नाही. त्यामुळे प्रतिबिंबापासून चऱ्यापर्यंत मनात एक रेषा काढली, तर त्या रेषेला आडवे असलेले चरेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे तिथेच असतात, पण त्यांचा प्रकाश दुसरीकडे जातो. प्रतिबिंबाच्या सर्व बाजूंनी असे आडवे चरे उजळले की वर्तुळांचा भास होतो.

यातून गाडी तपासण्याचा पहिला नियम निघतो. चरे पाहायचे तर प्रकाशाचा स्रोत लहान आणि एकच हवा. छताला ट्यूबलाइटच्या रांगा असतील तर चारही बाजूंनी येणाऱ्या प्रकाशात चरे बुडून जातात. सरांना गाडी आरशासारखी दिसली ती याच कारणाने. म्हणून गाडी घेताना आणि काम झाल्यावर ताब्यात घेताना ती उन्हात किंवा एका टॉर्चच्या उजेडात पाहावी. सूर्याच्या प्रतिबिंबाकडे मात्र टक लावून पाहू नये, हे विद्यार्थ्यांनाही बजावून सांगावे.

पाण्याची परीक्षा आणि नखाची परीक्षा

दुसरा प्रयोग याहून सोपा. वापरून वापरून धूसर झालेली प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी घ्या आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंबाखालचे चरे जवळजवळ नाहीसे होतात. खोबरेल तेलाचा थेंब टाकला तर आणखीच छान. पुसून टाका, चरे परत दिसू लागतात.

हे अपवर्तनांकाचे काम. पारदर्शक थराचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १, पाण्याचा १.३३ आणि खोबरेल तेलाचा साधारण १.४५. दोन माध्यमांच्या सीमेवर किती प्रकाश परावर्तित होईल, हे त्यांच्या अपवर्तनांकांतील फरकावर ठरते. हवा आणि थर यांच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत येतो. चऱ्यात पाणी भरले की तिथे हे प्रमाण ०.४ टक्क्याच्याही खाली जाते, म्हणजे दहाव्या हिश्शाहून कमी. शिवाय पाण्याचा वरचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे परावर्तन पुन्हा नियमित होते. चरा गेलेला नसतो, फक्त दिसेनासा झालेला असतो.

गाडीवर हीच परीक्षा करा. भाग स्वच्छ धुऊन वाळू द्या आणि चऱ्यावर ओले बोट फिरवा. चरा ओला असेपर्यंत पूर्ण दिसेनासा झाला, तर तो बहुधा पारदर्शक थरातच आहे. ओला असतानाही वेगळ्या रंगाची रेघ दिसत राहिली, तर चरा रंगद्रव्यापर्यंत किंवा अस्तरापर्यंत गेला आहे असे समजावे. दुसरी परीक्षा नखाची. नख चऱ्यावर आडवे, हलकेच फिरवा. ते अडकत असेल तर चरा खोल आहे आणि नुसत्या घोटाईने तो पूर्णपणे जाण्याची आशा कमी. या दोन परीक्षा म्हणजे अंदाज आहेत, मोजमाप नव्हे. पण कारागिराकडे जाण्याआधी आपल्या हाती एवढे तरी असावे.

भरणे, झिजवणे की रंगवणे?

चरा 'काढण्याचे' तीन मार्ग आहेत आणि ते तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला मार्ग भरण्याचा. मेण, तेल असे पदार्थ चऱ्यात भरायचे. वर पाण्याच्या थेंबाने जे केले, तेच हे करतात, फक्त जास्त दिवस टिकतात. साबणाने चार-सहा वेळा गाडी धुतली की भराव निघून जातो. यात गैर काही नाही. घरी कार्य आहे, चार दिवस गाडी चांगली दिसायला हवी, तर हा मार्ग स्वस्त आणि निर्धोक. फक्त तो दुरुस्ती म्हणून विकला जाऊ नये.

दुसरा मार्ग घोटाईचा. इथे बहुतेकांचा मोठा गैरसमज असतो. घोटाईने चरा भरत नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा सगळा भाग त्याच्या तळापर्यंत झिजवला जातो. वर्गातल्या बाकावर एखाद्या चिरंजीवांनी करकटकाने नाव कोरले, तर सुतार काय करतो? रंधा मारतो. नाव जाते, पण बाकही तितकाच पातळ होतो. रंधा किती वेळा मारायचा याला मर्यादा असते. गाडीच्या बाबतीत ही फळी आहे जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनची! म्हणून प्रत्येक घोटाई म्हणजे शिल्लक ठेवीतून काढलेली रक्कम. ती परत जमा होत नाही.

घोटाईचे काम करतात अ‍ॅल्युमिनाचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे, बारीक कण. जाड कण मोठे चरे घालवतात, पण स्वतःचे लहान चरे मागे ठेवतात. ते घालवायला त्याहून बारीक कण लागतात. शेवटचे चरे प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून उथळ झाले की डोळ्यांना पृष्ठभाग आरशासारखा वाटतो. मोझेकच्या फरशीची घोटाई पाहिलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. मधली पायरी गाळली की काम घाईचे झाले म्हणून समजावे.

यंत्रेही दोन प्रकारची असतात. एकात चकती एकाच आसाभोवती गरगर फिरते. हे यंत्र झपाट्याने काम करते, पण एका जागी रेंगाळले तर उष्णता साठते. गाडीच्या कडांवर आणि उंचवट्यांवर सगळा दाब थोड्या जागेवर येतो. त्यात रंगाचा थर तिथे पातळ असण्याचा संभव अधिक. त्यामुळे पारदर्शक थर पाहता पाहता संपतो. सरांच्या बॉनेटच्या कडेला नेमके हेच झाले. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात चकती फिरता फिरता झोकेही घेते. ते सावकाश काम करते, पण तुलनेने निर्धोक. कुशल हातात पहिले यंत्रही उत्तम काम देते. अकुशल हातातले पहिले यंत्र उन्हात तरंगताना दिसणारे धूसर पट्टे मागे ठेवते, आणि वर तेलकट पॉलिश असेल तर ते पट्टे गाडी घरी नेईपर्यंत दिसतही नाहीत.

तिसरा मार्ग नव्याने रंगवण्याचा. चरा अस्तरापर्यंत किंवा पत्र्यापर्यंत गेला असेल तर हाच खरा उपाय. पत्रा उघडा राहिला तर गंज चढेल. पण चरा वरवरचा असताना हा मार्ग धरणे म्हणजे खरचटल्यावर शस्त्रक्रिया करण्यासारखे. कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजला जातो. तयार गाडीत तारा, प्लॅस्टिक, रबर असल्याने तसे करता येत नाही. म्हणून दुरुस्तीचा रंग वेगळ्या रसायनाचा असतो. त्यात घट्ट करणारे द्रव्य मिसळून तो ६० अंशांच्या आसपास किंवा साध्या हवेत वाळवतात. चांगल्या हाताने केलेले हे कामही वर्षानुवर्षे टिकते, पण सगळी भिस्त कारागिरावर असते.

छटा जुळवणे हाही कसोटीचाच भाग. धातूची चमक असलेल्या रंगांत अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात. फवारताना त्या कशा पहुडतात यावर छटा बदलते, म्हणून एकाच डब्यातला रंग दोन हातांनी दोन प्रकारचा दिसू शकतो. शिवाय दोन रंग ट्यूबलाइटखाली सारखे आणि उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण दोन्ही प्रकाशांतील तरंगलांबींचे मिश्रण वेगळे असते. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घेताना कापड दुकानाबाहेर नेऊन पाहणाऱ्या गृहिणींना हे विज्ञान अनुभवाने ठाऊक असते!

कारागिराला काय विचारावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चांगला कारागीर पाटीवरून किंवा दरावरून ओळखता येत नाही. तो दर सांगण्याआधी काय करतो, यावरून ओळखता येतो.

तो गाडी धुऊन, एका दिव्याच्या उजेडात पाहतो का? धूळ असलेल्या गाडीकडे लांबून पाहून दर सांगणाऱ्याने चरा पाहिलेलाच नसतो.

तो जाडी मोजतो का? रंगाची जाडी मोजणारे हातात मावणारे उपकरण मिळते. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालते. उपकरणाचे टोक आणि पत्रा यांच्यात जितका जाड रंग, तितका चुंबकीय परिणाम क्षीण. अ‍ॅल्युमिनियमवर ते भोवरी प्रवाहांचा उपयोग करते. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र हे दोन्ही प्रकार चालत नाहीत. एका भागावर १२० मायक्रॉन आणि दुसऱ्यावर २५० मायक्रॉन आले, तर दुसरा भाग पूर्वी कधीतरी रंगवलेला असण्याचा संभव मोठा. हजाराच्या घरात आकडा गेला तर रंगाखाली लांबी भरलेली असणार. जुनी गाडी विकत घेतानाही ही तपासणी उपयोगी पडते. एक मर्यादा लक्षात ठेवावी, की हे उपकरण सगळ्या थरांची एकूण जाडी सांगते, त्यातला पारदर्शक थर किती हे सांगत नाही. म्हणूनच घोटाईच्या आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून मागावा. दोहोंतला फरक म्हणजे आपण खर्च केलेली ठेव.

तो आधी लहानशा जागेवर करून दाखवतो का? सर्वांत सौम्य द्रव्याने सुरुवात करून, भागत नसेल तरच पुढची पायरी चढणे, ही चांगल्या कारागिराची सवय. डॉक्टर पहिल्याच दिवशी सर्वांत जालीम औषध देत नाहीत, तसेच हे. काम करताना कडांना तो चिकटपट्टी लावतो का, हेही पाहावे.

तो काम तेल पुसून दाखवायला तयार आहे का? आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याने पुसले की मेण-तेलाचा भराव निघतो आणि खरा पृष्ठभाग दिसतो. नव्याने रंगवलेल्या ताज्या भागावर मात्र हे करू नये.

रंगवायचेच असेल तर तो गाडीवरच्या पट्टीवरील रंगाचा क्रमांक पाहतो का, आधी वेगळ्या पत्र्यावर फवारून छटा उन्हात जुळवून पाहतो का, हे विचारावे. आणि आणखी एक गोष्ट जरूर पाहावी. रंग बंद कक्षात फवारला जातो का, आणि फवारणाऱ्या माणसाच्या तोंडावर योग्य श्वसन-मुखवटा आहे का? घट्ट करणाऱ्या द्रव्यात बहुधा आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. त्यांच्यामुळे कामगारांना दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. जिथे मुखवटे नाहीत तिथला दर कमी असेल, तर ती बचत कुणाच्या तरी छातीतून आलेली असते.

'सिरॅमिक' लेपाचा आग्रह झाला तर तेही समजून घ्यावे. हा थर अतिशय पातळ असतो, तो चरे भरत नाही. लेपाआधी चरे काढले नाहीत तर ते लेपाखाली तसेच राहतात. जाहिरातीतील '९ एच' हा आकडा मोजच्या श्रेणीतला ९ नव्हे. तो पेन्सिलींच्या कठीणपणाच्या श्रेणीतला आहे. एचबी, २एच या पेन्सिली आपल्या ओळखीच्या आहेत, त्याच मालिकेतली ही ९एच. रस्त्यावरच्या धुळीपुढे तिचा निभाव लागत नाही.

आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: तो 'नाही' म्हणतो का? "हा चरा पूर्ण काढला तर थर फार पातळ होईल, थोडा राहू द्या," असे सांगणारा कारागीर भेटला तर त्याला सोडू नये. शंभर टक्के चरे घालवण्याची हमी देणाऱ्याने शिल्लक किती हे पाहिलेले नसते.

आमच्या सरांनी बॉनेट रंगवून घेतले, पण दारावरच्या ओरखड्यासाठी या वेळी हे सगळे प्रश्न विचारले. ओले बोट फिरवल्यावर ओरखड्याचा बहुतेक भाग नाहीसा झाला, मधली दोन बोटे रेघ तेवढी उरली. कारागिराने जाडी मोजली, हलकी घोटाई केली आणि मधल्या रेघेत बारीक कुंचल्याने रंग भरून दिला. जवळ जाऊन पाहिले तर खूण अजून दिसते. सर म्हणतात, "दिसू दे. खाली किती शिल्लक आहे ते आता मला माहीत आहे." हल्ली ते गाडी आधी पाण्याच्या धारेने धुतात आणि मगच फडके लावतात. पुसण्यासाठी दोन बादल्या ठेवल्या आहेत, एक साबणाची, एक फडके खळबळण्याची. आणि आठवीच्या वर्गात परावर्तनाचा धडा आला की घरचे स्टीलचे ताट पिशवीतून घेऊन येतात.